अक्कलदाढ आणि नागपूरची बस

अक्कलदाढ काढायला किती खर्च येतो, असं गावात कुणी विचारलं की मी आधी विचारते, बरोबर कोण येणार आहे आणि धानाची रोवणी आटोपली का. डॉक्टरची फी हा या हिशोबातला सगळ्यात सोपा आकडा आहे. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माहेर चंद्रपूर जिल्ह्यात मूलला. या दोन जिल्ह्यांत दुखऱ्या दाढेचं काय काय होतं, ते 2024 च्या पावसाळ्यात माझ्याच तोंडानं मला शिकवलं.

खालची उजवी अक्कलदाढ अर्धी वर आलेली होती. तिच्यावर हिरडीचा पदर राहतो, त्याखाली अन्न अडकतं, पू होतो. जुलैत तो पदर सुजला. ठणका कानापर्यंत जायचा, घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, वर्गात पाढे म्हणून घ्यायलाही तोंड उघडेना. शेजारच्या आजी म्हणाल्या, "मॅडम, थोडासा गुडाखू लावून पाहा जी. माही दाढ तं त्यानंच थांबली." आमच्याकडे बायका दात दुखला की गुडाखू लावतात. गुडाखू म्हणजे गुळात कालवलेला तंबाखूच. त्यानं घटकाभर बधिर वाटतं, म्हणून तो औषध ठरला आहे आणि त्याच वाटेनं सवय लागते. मी लवंग आणि मिठाच्या कोमट पाण्यावर दिवस काढले आणि पाऊस उघडल्यावर ग्रामीण रुग्णालय गाठलं.

तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी आधी दाढ पाहिलीच नाही. "तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का बघा," म्हणाले. माझी दोनच गेली. ही सुजेमुळे आहे, उतरेल, असं सांगून त्यांनी हिरडीखालची घाण धुऊन काढली आणि गोळ्या दिल्या. पैसे लागले नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पण गावात अजून कित्येकांना वाटतं की दाताचं काम त्यात येत नाही. येतं. दातासाठी सरळ खासगी दवाखाना शोधण्याआधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाताचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात, एवढं विचारून घ्यावं.

सूज उतरल्यावर त्यांनी पुढचं समजावलं. दाढ सरळ असती तर तिथंच काढली असती. माझी पुढच्या दाढेच्या दिशेनं कलली होती आणि हाडात रुतली होती. खालच्या जबड्यातून एक नस जाते, तिच्यामुळे खालचा ओठ आणि हनुवटी यांना स्पर्श कळतो. दाढेची मुळं त्या नसेपासून किती दूर आहेत, हे कळायला पूर्ण जबड्याचा मोठा एक्सरे लागतो. त्याला ओपीजी म्हणतात. तो मी गडचिरोलीला खासगीत पाचशे रुपयांत काढला.

मग सुरू झाली विचारपूस. सरळ आलेली दाढ काढायला हजाराच्या आसपास, हाड कापून काढायची असेल तर पाच ते आठ हजार, आणि नागपुरात जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाकडे दहाच्या वर, असे आकडे मला गडचिरोली आणि चंद्रपूरमध्ये सांगितले गेले. एका खासगी दवाखान्यात तर चारही अक्कलदाढा पूर्ण भूल देऊन एकदमच काढून टाका, असा सल्ला मिळाला. उरलेल्या तिघींनी मला कधी त्रास दिला नव्हता. निरोगी अक्कलदाढ नुसती पुढची काळजी म्हणून काढू नये, असं ब्रिटनच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या 'नाईस' या संस्थेनं 2000 सालीच सांगितलेलं आहे. आमच्या रुग्णालयाचे डॉक्टरही तेच म्हणाले. दुखत नाही, किडलेली नाही, शेजारची दाढ खराब करत नाही, तर तिला राहू द्यावं आणि लक्ष ठेवावं. हाही एक पर्याय आहे, आणि तो बिनखर्चाचा आहे. नस फारच जवळ असेल तर काही वेळा दाढेचं नुसतं डोकं कापतात आणि मुळं जबड्यात तशीच ठेवतात. माझ्या बाबतीत त्याची गरज नव्हती.

मी नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय निवडलं. ते मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाचं असल्यामुळे तिथं थोडं शुल्क भरावं लागतं, पण शेकड्यांतलं. अडचण वेगळी आहे. पहिल्या दिवशी केसपेपर आणि तपासणी, शस्त्रक्रियेची तारीख पुढची. आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड असा बसचा रस्ता, आणि धानोऱ्याहून गडचिरोलीपर्यंतचा वेगळा. महिलांना एसटीत मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्याचा मोठा आधार झाला. सोबतीला धाकटा भाऊ मूलहून आला. "एकटी कायले जातेस ताई, तोंडातून रक्त येत असंन तं बोलशीन कशी?" म्हणाला. त्याचं तिकीट पूर्ण.

तिथल्या रांगेत कुरखेड्याकडचा एक मुलगा भेटला. वय विशी-बाविशीचं. त्याची अक्कलदाढ माझ्यापेक्षा वाईट होती, गाल सुजून डोळा बारीक झालेला. पण त्याच्या तोंडात एक बोट कसंबसं जात होतं. सूज नसतानाही तसंच, म्हणाला. "दोन वर्षं झाली ताई, तिखट खाताच येत नाही. तोंडाची आग होते." तो बारावीपासून खर्रा खात होता. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिलेला खर्रा आमच्या दोन्ही जिल्ह्यांत पानठेल्यावर, किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात सगळीकडे मिळतो. सुपारीनं गालाच्या आतली कातडी आखडत जाते, पांढरी आणि ताठ होते, आणि जबडा हळूहळू मिटत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखूविना नुसती सुपारीदेखील कर्करोगाला कारण ठरते, असं 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सांगितलं. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, आधी खर्रा बंद, तोंडाचे व्यायाम, गालात इंजेक्शनं. तोंड थोडं उघडलं की मग दाढ. तोवर सुजेवर गोळ्या. ज्या तोंडात हात, आरसा आणि ड्रिल जात नाही, त्यातून हाडात रुतलेली दाढ काढणार कशी? त्याची आई शेजारी बसून ऐकत होती. रोवणीची मजुरी बुडवून आली होती. 2024-25 मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. त्या हिशोबानं मायलेकांचे जवळपास सहाशे रुपये त्या एका दिवसात गेले, बसभाडं वेगळंच, आणि दाढ जागच्या जागी. माझ्या शाळेतली पोरं वडिलांसाठी खर्रा आणायला पळतात. त्या दिवसापासून मी पालकसभेत अभ्यासाच्या आधी तीन बोटांची गोष्ट काढते आणि प्रत्येकाला तिथंच बोटं घालून पाहायला लावते.

माझी शस्त्रक्रिया पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका डॉक्टर मुलीनं केली, तिचे सर शेजारी उभे होते. शिकाऊ हात म्हणून लोक घाबरतात, मला त्यात घाबरण्यासारखं काही दिसलं नाही. ओठ बधिर राहण्याची शक्यता तिनं आधीच समजावून सही घेतली. इंजेक्शननंतर दुखलं नाही, दाब आणि आवाज तेवढा कळला. हिरडी चिरून, थोडं हाड कोरून, दाढेचे दोन तुकडे करून काढले आणि टाके घातले. कापूस तासभर दाबून धरायचा, पहिला दिवस चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही. रक्ताची गुठळी निघून गेली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाड उघडं पडून असह्य ठणका लागतो. तंबाखू खाणाऱ्यांना हा धोका जास्त. मी गार पेज आणि दह्याच्या पातळ कढीवर आठवडा काढला.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तिच्यामुळे माझी एक फेरी वाचली. टाके काढायला परत नागपूरला जायची गरज नाही. मी तसं विचारलं, तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि टाके तालुक्याच्या डॉक्टरांनीच काढले. रक्तदाब, साखर आणि रक्ताच्या इतर तपासण्याही जाण्याआधी आपल्या सरकारी दवाखान्यात करून घेता येतात. ओपीजी आणि ते कागद सोबत नेले की मोठ्या शहरातला वेळ वाचतो.

दवाखान्यात औषधं आणि एक्सरे धरून माझे दीड हजार रुपयेही लागले नाहीत. प्रवास, भावाचं तिकीट, खाणं-पिणं यांत त्याहून जास्त गेले, आणि रजा पडल्या त्या वेगळ्या. मला पगार आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की वाट तुटणाऱ्या भामरागडच्या बाईनं काय करावं?

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. शोधग्रामला डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या दवाखान्यात आणि 1973 पासून हेमलकशात चालणाऱ्या लोकबिरादरी प्रकल्पात, बाहेरचे शल्यचिकित्सक शिबिरांना येतात आणि माणसांना आपल्या मुलखात राहून शस्त्रक्रिया मिळते. तसेच दंत महाविद्यालयातले तरुण डॉक्टर शिक्षकांसह ठरावीक दिवशी अहेरी, धानोरा, कुरखेडा, मूल इथल्या रुग्णालयांत आले, तर शंभर माणसांच्या शंभर फेऱ्या वाचतील. तंबाखू सोडवण्याचं समुपदेशन त्याच दिवशी, त्याच खोलीत व्हावं. आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग यांनी एकत्र बसून हे ठरवावं, ही माझी मागणी आहे, आणि आपापल्या ग्रामसभेत तसा ठराव घ्यावा, ही वाचकांना विनंती.