वाडीचें दक्षिणद्वार

कोल्हापूर जिल्ह्यांत कृष्णा-पंचगंगांच्या संगमावर नृसिंहवाडी हें दत्तक्षेत्र आहे. श्रीनृसिंहसरस्वतींनीं येथें बारा वर्षें वास केला, अशी श्रद्धा आहे. पूर आला म्हणजे पाणी मंदिरांत शिरतें, पादुकांवरून वाहतें व दक्षिणद्वारानें बाहेर पडतें. त्या प्रवाहांत स्नानास भाविकांची रीघ लागते.

गतवर्षीं श्रावणांत आम्ही सहकुटुंब तेथें गेलों. आठ वर्षांच्या नातवास पीनसाची जुनी व्यथा. नाक सदा चोंदलेलें, रात्रीं झोंप नाहीं. सूनबाई म्हणाली, "मामंजी, मी त्याच्या स्नानाचा नवस बोललें आहे." पाणी गढूळ होतें. आम्ही म्हणालों, "मुली, त्याच्यासाठीं तूं स्नान कर. त्याच्या मस्तकीं तीर्थ पुरे. देव आईचें स्नान मानील." तिनें तसेंच केलें.

गालाच्या हाडांतील पोकळीचें द्वार वरच्या अंगास असतें. म्हणून तेथील कफ सहज निथळत नाहीं. सबब डॉक्टरांच्या सल्ल्यानें, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानें जलनेति चालूं आहे. पाणी एका नाकपुडींतून जातें, दुसरींतून येतें. व्याधि समूळ गेलेली नाहीं. पण झोंप लागते. नातवानें त्या क्रियेस 'दक्षिणद्वार' असें नांव दिलें आहे. सायंकाळीं आधीं दक्षिणद्वार, मग शुभंकरोति, हा आतां घरचा नेम आहे.