‘नाही’ या उत्तराची मर्यादा

स्याद्वादातील ‘स्यात्’ या पदाचा अर्थ पुष्कळदा ‘कदाचित’ असा केला जातो. वस्तुतः त्यात संशयाला स्थान नाही. ‘स्यात् नास्ति’ म्हणजे कथंचित् नाही, अमुक एका अपेक्षेने नाही. द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव यांची मर्यादा ध्यानात घेतल्याखेरीज ‘नाही’ हे विधान पूर्ण होत नाही. संगणकासारख्या रूक्ष विषयातही या सूक्ष्म भेदाचा प्रत्यय येतो.

एका कुटुंबातील महाविद्यालयीन कन्येने घरातील जुन्या संगणकावर नेटबीएसडी ही कार्यप्रणाली बसविली. १९९३ पासून विकसित होत असलेली ही प्रणाली विनामूल्य आहे. ती फारशी प्रचलित नसली तरी नानाविध जुन्या यंत्रांवर चालते. अभ्यासासाठी तिला पायथन या संगणकभाषेची एक विशिष्ट आवृत्ती हवी होती. ती तयार स्वरूपात मिळेना, म्हणून तिने मूळ संहिता उतरवून घेऊन ती स्वतःच घडविण्यास घेतली.

या कामाची पहिली पायरी ‘कॉन्फिगर’. ही आज्ञा यंत्राचे केवळ नाव पाहून निर्णय करीत नाही. ती छोटे छोटे कार्यक्रम रचून यंत्राची परीक्षा घेते आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी नोंद करते. पुढे ‘मेक’ ही आज्ञा संहितेचे चालण्याजोग्या रूपात रूपांतर करते. बराच वेळ यंत्र चालले आणि अखेरीस सूचना आली : ‘सीटाइप्स’ हा भाग घडविता आला नाही; त्यास लागणारे ‘लिबएफएफआय’ सापडले नाही.

वडील म्हणाले, “बाळ, यंत्र जुने झाले. भंगारात देऊ, नवा घेऊ.”

“पप्पा, आजचा दिवस थांबा,” ती म्हणाली.

तिने नोंदवही उघडली. ‘लिबएफएफआय’ तर तिने आदल्याच दिवशी बसविले होते. मग ते गेले कोठे? नेटबीएसडीमध्ये मागाहून बसविलेली साधने ‘पीकेजी’ नावाच्या निराळ्या कप्प्यात राहतात. शोध मात्र नेहमीच्या जागी झाला होता. यंत्र असत्य बोलले नव्हते. ‘मी पाहिले तेथे नाही’ एवढेच त्याचे म्हणणे होते. तिने त्या कप्प्याचा मार्ग दोनदा सांगितला, एकदा जोडणीसाठी आणि एकदा प्रत्यक्ष चालविण्याच्या वेळेसाठी. जुनी घडण पुसून काम नव्याने केले, तेव्हा ‘सीटाइप्स’ तयार झाले. चाचण्या पार पडल्यावर तिने ‘ऑल्टइन्स्टॉल’ ही आज्ञा दिली. तीमुळे आधीचा पायथन जागचा हलत नाही; त्यावर विसंबून असलेले कार्यक्रम निर्वेध चालू राहतात. नव्याची स्थापना झाली, जुन्याचा घात झाला नाही. नवे यंत्र घेण्याचा परिग्रहही टळला.

घरात आपण असे किती निर्णय देतो! ‘सुनेला आपलेपणा नाही’, ‘या पिढीत श्रद्धा नाही’, ‘म्हाताऱ्यांना काही समजत नाही’. प्रत्येक वाक्यात आपण पाहिलेला एकच कप्पा असतो आणि त्यावरून नात्याचाच निकाल लागतो. तो निकाल उच्चारण्यापूर्वी ‘मी कोठे पाहिले?’ एवढा प्रश्न स्वतःस विचारला, तरी अनेकान्त ग्रंथातून उतरून घरात नांदू लागेल.