दोन गुडघ्यांमधली जागा

१/
इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड, तहनामे आणि बखरी उभ्या राहतात. आज मात्र एका वीतभर जागेचा इतिहास सांगायचा आहे. ही जागा म्हणजे दुचाकीवर मांड ठोकल्यावर दोन गुडघ्यांच्या मध्ये उरणारी पोकळी. इंजिनालाही तीच हवी असते आणि माणसालाही तीच. शंभराहून अधिक वर्षे अभियंते या दोघांत तडजोड घडवून आणत आहेत.

२/
पेच साधा आहे, पण सुटत नाही. मोटारीत बहुधा इंजिन पुढे आणि माणूस मागे बसतो. दुचाकीत दोघांना जवळजवळ एकाच ठिकाणी राहावे लागते. ताकद वाढवायची तर सिलिंडर मोठे करावे लागतात किंवा त्यांची संख्या वाढवावी लागते. मग इंजिन रुंद झाले तर गुडघे फाकतात, उंच झाले तर बैठक वर जाऊन पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि लांब झाले तर चाकांमधले अंतर वाढून गाडी वळवणे जड जाते.

३/
१९२३ साली बीएमडब्ल्यूच्या माक्स फ्रिझ यांनी ‘आर ३२’ साठी एक उत्तर शोधले. त्यापूर्वी समोरासमोरचे दोन सिलिंडर गाडीच्या लांबीत, एकामागे एक बसवले जात. मागच्या सिलिंडरला वारा कमी मिळे आणि तो तापे. फ्रिझ यांनी इंजिन आडवे फिरवले. दोन्ही सिलिंडर डावी-उजवीकडे वाऱ्यात आले, गाडीचे वजन खाली राहिले आणि गुडघे मोकळे झाले. मात्र पाय पुढे सरकवायची सोय गेली, कारण तिथे आता सिलिंडर होते.

४/
१९७८ ची होंडा ‘सीबीएक्स’ हे या ओढाताणीचे दुसरे टोक होय. १०४७ सीसी, आणि सहा सिलिंडर एका ओळीत, आडवे. अभियंते शोइचिरो इरिमाजिरी यांनी वीज निर्माण करणारा आल्टरनेटर क्रँकच्या टोकावरून काढून सिलिंडरांच्या मागे नेला, म्हणजे रुंदी कमी झाली. शिवाय सिलिंडरांची रांग ३३ अंशांनी पुढे झुकवली, म्हणजे गुडघ्यांना जागा मिळाली. एवढ्या मोठ्या इंजिनालाही अखेर माणसाच्या मांडीपुढे कलावे लागले.

५/
प्रश्नच बदलून टाकणारे लोकही होते. कोर्रादिनो द’आस्कानिओ हे मूळचे विमानांचे अभियंते. मोटरसायकल त्यांना आवडत नसे. १९४६ साली आलेल्या ‘व्हेस्पा’त त्यांनी ९८ सीसीचे छोटे इंजिन मागच्या चाकाच्या बगलेत बसवले. गुडघ्यांमध्ये काही उरलेच नाही. पाय ठेवायला सपाट फळी आली. याची किंमत म्हणजे एका बाजूला जास्त झालेले वजन. हीच व्हेस्पा पुढे परवान्याखाली पुण्यात बजाजच्या कारखान्यात तयार होऊ लागली.

६/
१९५८ ची होंडा ‘सुपर कब’ या दोहोंच्या मधली. चाके मोटरसायकलसारखी मोठी, पण ४९ सीसीचा सिलिंडर जवळजवळ आडवा, पावलांच्या पातळीवर. त्यामुळे चौकट मध्ये खोलगट ठेवता आली आणि पाय उंच न उचलता गाडीवर बसता येऊ लागले. हाताने दाबायचा क्लचही काढून टाकला. २०१७ पर्यंत या मालिकेच्या दहा कोटी गाड्या तयार झाल्या.

७/
या सगळ्याचा अर्थ मला पुस्तकांत कळण्याआधी घरात कळला होता. माझी आई तालुक्याच्या गावी शिक्षिका होती. वडिलांच्या मोटरसायकलवर तिची जागा मागे, एका बाजूला पाय सोडून. पेट्रोलची टाकी आणि इंजिन यांनी पुढची जागा अडवलेली; नेसत्या साडीत तिथे मांड घालणे तिला शक्यच नव्हते. मग घरात लूना आली. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली बाजारात आणलेली ही ५० सीसीची गाडी. चढ आला की इंजिनाची दमछाक होई आणि आई पायडल मारून त्याला हात देई. आम्ही हसायचो. पण शाळेला जाण्यासाठी तिला आता कोणाची वाट पाहावी लागत नव्हती.

८/
म्हणून ‘गाडी किती सीसीची?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. प्रत्येक आराखड्यात एक गृहीत धरलेला माणूस दडलेला असतो: त्याची उंची, त्याच्या पायांची लांबी, त्याचा पोशाख, आणि पुष्कळदा त्याचे पुरुष असणे. ताम्रपट वाचताना दान कोणाला मिळाले हे आपण पाहतो, तसेच इथेही पाहावे. संग्रहालयात जुनी दुचाकी दिसली तर इंजिनावरचा आकडा वाचून पुढे जाऊ नका. बैठक आणि टाकी यांच्यामधली जागा पाहा आणि विचारा, इथे कोण बसू शकत होते आणि कोण नाही?

९/
विजेवरच्या गाड्यांमुळे हा वाद मिटेल असे वाटते खरे. सिलिंडर गेले, पण वजनदार बॅटरी आली, आणि जास्त अंतर जायचे तर ती मोठीच लागते. ती पायाखाली ठेवली तर फळी उंच होते आणि गुडघे वर येतात. बैठकीखाली ठेवली तर सामानाची जागा जाते. आजच्या आराखड्यांत कोणाला गृहीत धरले आहे, हे उद्याच्या इतिहासकाराला त्याच वीतभर जागेत वाचता येईल.