कुलपांतलीं साधनें

गणित शिकविण्यास साधनें तीं कोणतीं लागावयाचीं? खडू, फळा आणि शिक्षकाचा खणखणीत आवाज एवढ्यावर काम भागतें, अशी आमच्या लहानपणीं सार्वत्रिक समजूत होती. फळ्याशेजारीं खिळ्याला एक लांबलचक लाकडी कंपास टांगलेला असे; त्याच्या एका पायाचें टोंक झिजून बोथट झालें असल्यामुळें त्यानें काढलेलें वर्तुळ जेथून निघे तेथें सहसा परत येत नसे. आतां दिवस पालटले आहेत. अनेक शाळांतून गणिताच्या प्रयोगशाळा निघाल्या आहेत आणि फळ्याशेजारीं पडदाहि आला आहे. या सुधारणेला आमचा विरोध नाहीं. उलट अशा एका प्रयोगशाळेच्या पापपुण्यांत आमचाहि वांटा आहे, आणि त्याचा कबुलीजबाब देण्यासाठींच आज लेखणी हातीं धरली आहे.

पण त्याआधीं एक जुनी चोरी सांगितली पाहिजे. आम्ही आठवींत असतांना सरांनीं वर्गाला तीन निरनिराळे त्रिकोण काढून त्यांचे कोन मोजण्यास सांगितलें. बेरीज १८० अंश भरली पाहिजे, हें फळ्यावर अगोदरच लिहून ठेवलेलें होतें. आमच्या कंपासपेटींतल्या कोनमापकावरचे आंकडे पुसट झालेले, आणि पेन्सिलीला टोंक नाहीं. पहिली बेरीज १७८ आली. शेजारच्या मुलाची १८३ आली, तेव्हां त्याच्या हातावर पट्टी बसली. तें पाहून आम्ही शहाणे झालों. राहिलेल्या त्रिकोणांचे दोन दोनच कोन मोजले, तिसरा वजाबाकीनें काढून लिहिला, आणि पहिल्या त्रिकोणाचे दोन अंशहि हळूच भरून काढले. वहीवर 'उत्तम' असा शेरा मिळाला.

त्या दिवशीं कोनमापकानें आम्हांस भूमिति शिकविली नाहीं. हिशेब जुळवून देण्याची विद्या तेवढी शिकविली. वास्तविक तें १७८ आणि तें १८३ हेंच त्या तासाचें खरें धन होतें. साऱ्या वर्गाच्या बेरजा फळ्यावर मांडून, 'कोणाची कमी, कोणाची अधिक, आणि तरीहि सगळ्या एकाच आंकड्याभोवतीं कां घोटाळतात?' असें कोणी विचारलें असतें, तर मोजणें आणि सिद्ध करणें यांतला भेद आम्हांस तेव्हांच कळला असता. शिरोबिंदूंतून पायाला समांतर रेषा काढली कीं व्युत्क्रम कोन सारखे ठरतात, आणि कोनमापकाला न विचारतां १८० अंशांचा निकाल लागतो. पण ज्याला १७८ नें कधीं अस्वस्थ केलेंच नाहीं, त्याला त्या रेषेची गरज ती काय?

आजच्या मुलाला ही चोरी करावी लागत नाहीं. २००१ सालीं ऑस्ट्रियांतील साल्झबर्ग येथें मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्यानें 'जिओजेब्रा' नांवाची गणिताची संगणक-प्रणाली रचण्यास आरंभ केला. पुढें ती जगभरच्या शाळांतून पोंचली. तींत त्रिकोणाचा शिरोबिंदु धरून हवा तिकडे ओढावा; कोन भराभर बदलतात, बेरीज मात्र १८० वरून ढळत नाहीं. वहींत तासभर खपूनहि जें साधत नाहीं तें तेथें क्षणांत शेंकडों रूपांनीं दिसतें, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. परंतु पडदा चुकत नाहीं, हाच त्याचा गुण आणि हाच दोष. तो उत्तर इतक्या तत्परतेनें देतो कीं मुलाला प्रश्न पडण्यास सवडच मिळत नाहीं.

आतां आमचा कबुलीजबाब. दहाएक वर्षांपूर्वीं एका गांवच्या माध्यमिक शाळेनें गणिताची प्रयोगशाळा काढावयाचें ठरविलें. आम्ही महाविद्यालयांत गणित शिकवितों, म्हणून सामानाची यादी करण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्हीं मोठ्या हौसेनें ती केली: शंकु, वृत्तचिति व अर्धगोल, दोन पदांच्या बेरजेचा घन उलगडून दाखविणारे आठ लाकडी ठोकळे, खिळ्यांची पाटी, पायथागोरसच्या प्रमेयाची सरकती प्रतिकृति. नारळ फुटला, हार पडले, आमचें भाषणहि झालें. तीन वर्षांनीं पुन्हां तेथें जाण्याचा योग आला तेव्हां पाहतों तों कपाटाला कुलूप, आणि कांचेआड सर्व सामान प्लास्टिकच्या वेष्टनांत जसेंच्या तसें!

आम्हीं गणिताच्या शिक्षकांकडे पाहिलें. ते ओशाळून म्हणाले, "सर, हें सगळें डेडस्टॉक रजिस्टरला चढलेलं आहे. आठांतला एक ठोकळा हरवला, तर तपासणीच्या वेळीं मीं काय उत्तर द्यायचं?" आमच्यापाशींहि उत्तर नव्हतें. आमच्या यादींत प्रत्येक वस्तूची किंमत होती. मुलांच्या हातून कांहीं मोडेल, हरवेल, याला मात्र जागाच ठेवलेली नव्हती.

त्याच दिवशीं नववीचा एक तास घेण्याचा आम्हांस आग्रह झाला. किल्ली कारकुनाकडे, आणि कारकून रजेवर. रिकाम्या हातांनींच आम्हीं वर्गाला मैदानावर नेलें आणि सांगितलें, "येथें खो-खोचें मैदान आंखायचं आहे. कोपरा नेमका काटकोनी करून दाखवा." कोणी कंपासपेटींतला गुण्या आणला, परंतु चार बोटांच्या गुण्यानें धरलेली रेषा चाळीस फुटांवर कोठल्या कोठें जाते, हें लवकरच दिसून आलें. तेव्हां मागून एक मुलगी पुढें झाली. भूमितींत तिला किती गुण पडतात तें शिक्षकांनीं आमच्या कानांत अगोदरच सांगितलें होतें, आणि तें अभिमानानें सांगण्यासारखें नव्हतें. तिनें शिपायाकडून दोरी आणली, हातानें मापून तीन, चार आणि पांच हातांवर गांठी मारल्या आणि तीन मैत्रिणींना तीन टोंकांना उभें केलें. "असं ताणलं कीं गुण्यांत येतं. माझे बाबा गवंडी आहेत, पाया आंखतांना ते असंच करतात."

"पांच, सहा, सात घेतले तर?" एका मुलानें विचारलें. करून पाहिलें, कोपरा अरुंद झाला. सहा, आठ, दहा मात्र जमले. कोणी तरी वर्ग करून बेरजा ताडून पाहिल्या आणि ओरडला, "सर, हें तर पुस्तकांत आहे!" पुस्तकांत होतेंच; पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास पक्ष, साध्य, सिद्धता यांसह सर्वांना तोंडपाठ होता. ती मुलगी मात्र दोरीकडे पाहत राहिली होती. "पण सर, दोरी थोडी ढिली राहिली तरी जमल्यासारखं दिसतं. मग खरंच काटकोन झाला हें कळायचं कसं?"

आम्हीं आठवींत वजाबाकी करून जो प्रश्न बुजविला, तोच हा. तीस वर्षें कॉलेजांत शिकवूनहि इतक्या नेमक्या शब्दांत तो आम्हांस कोणीं विचारला नव्हता. मातींत काडीनें आकृति काढून आम्हीं सिद्धतेला आरंभ केला, तेव्हां ती कोणालाच परीक्षेपुरती वाटली नाहीं.

भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या 'लीलावतीं'त एक वेळूचें उदाहरण घातलें आहे. ३२ हातांचा वेळू वाऱ्यानें मोडून त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला. तो कोठें मोडला? उत्तर १२ हात. उभा तुकडा १२, जमीन १६, कलता तुकडा २०: गवंड्याचीच ती दोरी, चौपट लांब केलेली. त्या वेळूची नोंद कोणत्याहि रजिस्टरांत नव्हती. म्हणूनच कीं काय, तो खुशाल मोडतां आला.

पुढें दुसऱ्या एका शाळेनें यादी मागितली, तेव्हां आम्हीं अगदीं वर दोरीचें बंडल लिहिलें आणि खालीं एक वाक्य जोडलें: 'मुलांच्या हातून मोडल्यास हरकत नाहीं.' तें कितपत पाळलें जाईल तें सांगवत नाहीं. वाचकांस एवढीच विनंती कीं, आपल्या मुलांच्या शाळेंत गेल्यावर प्रयोगशाळा आहे कीं नाहीं हें विचारून थांबूं नये. तिच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, तेंहि विचारावें.