थंडीचं नाव, दोष दुसऱ्याचा

‘वहिनी, दादांना पाठवा. गाडीचं त्यांच्याशी बोलतो.’

गॅरेजवाल्याचं हे बोलणं मला त्याच्या बिलापेक्षा जास्त लागलं आणि अजून लागतं. आमची डिझेल पिकअप मी चालवते. पहाटे वस्तीवरचं दूध गोळा करून चिलिंग सेंटरला मीच पोचवते. आमच्या यांना बागेतून सवड नसते आणि गाडीची त्यांना आवडही नाही. तरी मी सांगत असलेली लक्षणं त्या माणसाने ऐकून घेतली नाहीत.

निफाडची थंडी मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा 5-6 अंशांवर आला की सकाळच्या बातम्यांत आमचा तालुका येतो आणि बागायतदार मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. अशा पहाटे गाडी सेल्फ घ्यायची, इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारायचा, मग शेजारपाजारचे बोलावून धक्का. तोवर दुधाची वेळ टळलेली. एकदा चालू झाली की मात्र दिवसभर अर्ध्या सेल्फवर उठायची.

गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलली. ती जुनीच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग सेल्फ खोलून कार्बन आणि बुश नवे घातले. तरी पहाटेचं रडगाणं तेच. तेव्हा तो म्हणाला, ‘डिझेलचा पंप उतरवावा लागेल, कॅलिब्रेशनला टाकतो, नोझलही सोबत.’ त्या वेळी मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, हा त्रास दिवाळीतच, थंडी पडायच्या आधी सुरू झालाय, फक्त कमी होता. दुसरी, आमच्या खळ्याला चढ आहे. गाडी तोंड वर करून उभी केली की सकाळी जास्त अडते, माहेरी सपाट अंगणात तेवढी अडत नाही. तिसरी, सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर अजिबात येत नाही. बऱ्याच वेळाने एकदम पांढरा लोट येतो आणि मग गाडी धरते.

माझं बोलणं संपायच्या आत तो माझ्या पुतण्याकडे वळला. पोरगा बारावीत, लायसन्स नाही, नुसता सोबत आलेला. त्याला विचारतो, ‘काय दादा, अ‍ॅव्हरेज किती देते?’ पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी अ‍ॅव्हरेज सांगितलं. पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच. ग्रीसने माखलेल्या बोटांनी तो पंपाकडे खूण करत होता, समजावत होता पोराला, आणि पैसे मात्र माझ्या पिशवीतून जाणार होते. पंप उतरला, नोझल गेले, साडेअकरा हजार रुपये झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पुन्हा उभीच.

कोडं सुटलं ते चिलिंग सेंटरच्या आवारात. दुधाच्या टँकरवर आयुष्य काढलेले एक काका तिथे असतात. त्यांनी बॉनेटला हातही न लावता विचारलं, ‘पोरी, सेल्फ मारताना धूर येतो का गं?’ नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग डिझेल वर पोचतच नाही. पंपाला कशाला दोष देतेस?’

त्यांनी सांगितलेलं मी नीट लक्षात ठेवलंय, कारण ते खरंच साधं आहे. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. दाबाने हवा तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल पेट घेतं. डिझेल आत जाऊनही पेटत नसेल, तर ते पांढरट धूर होऊन बाहेर येतं. तेव्हा थंड इंजिनाला आतून ऊब देणारे हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन तपासायचं. धूरच नसेल तर डिझेल आत गेलेलंच नाही. म्हणजे कुठेतरी लाइन हवा पकडते आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं. टाकी मागे आणि खाली, गाडीचं तोंड चढाला, मग उतरणारच. थंडीत रबरी सील कडक होऊन आक्रसतं, त्यामुळे हिवाळ्यात त्रास वाढतो.

दुसऱ्या पहाटे मी सेल्फ मारायच्या आधी फिल्टरवरचा, डिझेल वर ओढणारा हँडपंप दाबला. आधी तो नुसता पोकळ लागला, हाताला काही जोरच नाही. मग हळूहळू जड होत गेला, इतका की अंगठा दुखला. चावी फिरवली आणि गाडी लगेच धरली. पुढे काकांच्या ओळखीच्या मेकॅनिकने फिल्टर आणि पंपाच्या मधल्या पाइपच्या जागी पारदर्शक नळी जोडली. इंजिन चालू असताना तिच्यातून बारीक बुडबुडे सरळ पळताना दिसले. हँडपंपाचं सील आणि तांब्याचे वायसर बदलले. सामान चारशेच्या आतलं.

आता इथे मला एक कबूल करायला हवं, आणि ते करताना जीवावर येतं. हवेचा दोष गेल्यावरही कडाक्याच्या पहाटे गाडी थोडी कुरकुरायचीच, आणि आता पांढरा धूरही दिसायचा. हीटर प्लगवरची पट्टी काढून टेस्ट लॅम्पने एकेक प्लग पाहिला. दिव्याची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी प्लगच्या टोकाला. दोन प्लगवर दिवा लागला, दोनवर नाही; ते दोन गेलेले होते. म्हणजे ‘थंडीचा त्रास आहे’ हे गॅरेजवाल्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ब्रेकच्या कामाला मी आजही त्याच्याचकडे जाते, हात चांगला आहे त्याचा. पण पाच मिनिटांची दिव्याची तपासणी सोडून त्याने पंप उतरवला, हे मी माफ केलेलं नाही.

गॅरेजवाल्यांना माझं सांगणं आहे की, गाडी जो चालवतो त्याला विचारा. बाई असेल तर बाईला. आणि चालवणाऱ्यांनो, पंप खोलू देण्याआधी धूर बघा, हँडपंप दाबून बघा, बुडबुडे दाखवायला सांगा, काढलेले पार्ट परत मागून घ्या. आमच्याकडे पहाटे कुणी इंजिनाखाली चिंध्या पेटवतात, कुणी एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरतात. हीटर प्लगच्या इंजिनात ती पेट्रोलची वाफ तापलेल्या प्लगवर भलत्याच वेळी भडकते, इंजिन फुटू शकतं आणि तोंडही भाजतं. गाडी उशिरा निघाली तरी चालेल, पण हे करू नका.