भंगारात देण्याआधी गाडी उघडून बघ

जळगाव

प्रिय मित्रा,


तुझा निरोप मिळाला. तुझ्या नानांची जीप भंगारात द्यायचं घरात ठरतंय, एकदा मळ्यात जाऊन बघून ये, असं तू लिहिलंस. जाऊन आलो. तुझं बरं चाललं असेल, तिकडे थंडी ओसरली असेल, हे सगळं पुढच्या पत्रात विचारेन. आज फक्त जीपबद्दल लिहितो, कारण तिच्यात जे सापडलं ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळं गाठलं. आग्रा रोडने सोनगीरपर्यंत जाऊन दोंडाईच्याच्या रस्त्याला वळलो. ऊन मी म्हणत होतं. वाटेत चिमठाणं लागलं. शिंदखेडा तालुक्यातलं हे गाव तू लहानपणी एसटीतून पाहिलेलं आहेस, पण त्याची गोष्ट आपल्याला शाळेत कुणी नीट सांगितली नव्हती. 14 एप्रिल 1944 रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे मोटारीतून निघालेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी इथे लुटला. रक्कम साडेपाच लाख रुपये, त्या काळातले. डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील, साताऱ्याकडचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी अशी माणसं त्यात होती आणि पैसा प्रतिसरकारच्या कामाला गेला. आपल्या भागात गाडीच्या पोटात काय दडलंय याची उत्सुकता पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

तुमच्या गावातही तसंच झालंय. नानांच्या जीपमध्ये सोनं लपवलेलं आहे ही आवई तुझ्या कानावर आली असेलच. मला ती मळ्यातल्या सालदाराने सांगितली, चावडीवरच्या दोघांनी सांगितली आणि तुझ्या चुलतभावानेही दबक्या आवाजात विचारून घेतलं. आवईला थोडा आधार आहे, तो असा. 1963 पासून देशात सोन्यावर नियंत्रण आलं, 1968 मध्ये त्याचा कायदा झाला आणि तो 1990 पर्यंत चालला. घरात सोन्याची चिप किंवा बिस्किट ठेवणं हा गुन्हा होता. त्या काळात सोन्याची चोरटी आयात जोरात होती आणि मोटारींना चोरकप्पे करून माल हलवला जाई. जळगावच्या सराफ बाजाराच्या लौकिकामुळे आपल्याकडे अशा गोष्टींना लगेच पाय फुटत. ज्याच्या दारात जीप, त्याच्याकडे काहीतरी दडलेलं असणारच, असा लोकांचा हिशेब होता.

सोनं निघालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. आता जे निघालं ते ऐक.

जीप लिंबाखाली उभी आहे, चारी टायर जमिनीत रुतलेले. हात घालायच्या आधी सालदाराने मला थांबवलं. म्हणाला, "आधी गाडीना पोटमा काय शे ते देखा, मंग द्या भंगारमा." त्याने लांब काठीने सीटखाली, बॉनेटखाली, डॅशबोर्डमागे चाचपून घेतलं. स्टिअरिंगच्या दांड्याजवळ हातभर लांबीची सापाची कात लोंबत होती. साप नव्हता, तरी आम्ही सर्पमित्राला बोलावून सगळं तपासून घेतलं आणि मगच पुढे सरकलो. उन्हाळ्यात गाडीखालची सावली आणि आतले उंदीर यांच्यामागे साप येतोच, त्यामुळे बंद गाडीत हात घालताना ही खबरदारी हवीच.

उंदरांनी मागच्या बाकाचा काथ्या पोखरून घर केलं होतं. घर कशाचं? कापसाचं. शेजारच्या खोलीतल्या कापसाचे पुंजके सरकीसकट ओढून आणलेले. खान्देशातला उंदीर दुसरं काय आणणार! हवा जाणाऱ्या पाइपच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीच्या नळ्या बांधल्या होत्या. बरोबर घेतलेल्या गॅरेजवाल्या चाचांनी स्क्रूड्रायव्हरने एक नळी फोडली, तर आत वाळलेले कोळी. एका शेजारी एक, नीट भरून ठेवलेले. ही माशी कोळ्याला नांगी मारून लुळा करते, आत कोंबते, त्याच्यावर अंडं घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. अंड्यातून अळी बाहेर आली की तिला ताजं अन्न तयार. या नळीतल्या अंड्यातून अळी काही बाहेर पडलेली नव्हती. आईने भरून ठेवलेला शिधा तसाच राहिला होता. मी बराच वेळ बघत बसलो.

आता मुख्य गोष्ट. या जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते आणि शेजारच्या सीटखाली हत्यारांची पेटी. हे ज्याला माहीत नाही तो शेजारची सीट उचलून बघतच नाही. नानांची ती पेटी गंजून घट्ट बसली होती. चाचांनी कडेने तेल सोडलं, थोडा वेळ थांबले, मग लाकडी ठोकळा मध्ये धरून हातोडीने हलके हलके ठोकलं. झाकण निघालं. वर जॅकचा दांडा, दोन स्पॅनर, जुने प्लग, चिंध्या. तळाशी मेणकापडात गुंडाळलेला पत्र्याचा डबा.

तुझ्या चुलतभावाचा श्वास अडकला होता, माझाही. डबा मी उघडला नाही, त्याच्या हातात दिला, कारण घरातल्या माणसानेच तो उघडायला हवा होता. आत काही पावत्या, गोल टॅक्स टोकनं आणि एक वही निघाली.

पावत्या कापसाच्या आहेत. तुला आठवत असेल, महाराष्ट्रात 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस सरकारच्या केंद्रावरच घालायचा, खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही. केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागायच्या, मुक्काम पडायचे आणि पैसे हप्त्याहप्त्याने हातात यायचे. ज्या वर्षी बाहेर भाव चढा असे, त्या वर्षी आपल्या सीमेवरून सेंधव्याकडे, खेतियाकडे कापूस चोरवाटेने जाई. आपण पिकवलेला, आपल्याच घरातला कापूस चोरीच्या मालासारखा अंधारात न्यावा लागे, हे दुःख त्या पिढीने सोसलं. नानांनी मात्र प्रत्येक वेचणीची पावती जपून ठेवलीय. काही पावत्यांच्या मागे पेन्सिलने लिहिलंय: दुसरा हप्ता बाकी.

वहीत नानांनी पेट्रोलचा हिशेब ठेवलाय. तारीख, किलोमीटर, लिटर, पैसे, आणि शेवटच्या रकान्यात कशासाठी गेलो ते. हा शेवटचा रकाना वाचताना माझ्याने पुढे वाचवेना. सिव्हिल, धुळे, बाळंतीण. नंदुरबार, मिरची. शाळा तपासणी, साहेबांना आणले. सुकडीची पोती, शेजारच्या दोन गावांना. सुकडीची ही नोंद 1972 च्या दुष्काळातली आहे. सिव्हिल, विंचू. सिव्हिल, बाळंतीण. शिरपूर, वरात, पेट्रोल घेतले नाही. मधेच एका पानावर फक्त एवढंच: सिव्हिल, उशीर झाला. कोण होतं, काय झालं, काही नाही.

मित्रा, गावात तेव्हा दुसरी गाडी नव्हती. ज्या जीपला लोक सोन्याची जीप म्हणत, ती रात्री-अपरात्री बाळंतिणी पोचवत होती. नानांनी हे घरात कधी सांगितलं नाही. तुलाही माहीत नसणार, नाहीतर तू नुसतं भंगार असं लिहिलं नसतंस. गावात आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या किती जणांचा जन्म या वहीत नोंदलेला असेल, याचा विचार कर.

जुन्या गाड्यांत काय काय सापडतं हे मी त्या दिवशी चाचांना खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, सगळ्यात जास्त कागद सापडतात. सीटच्या फटीत चिल्लर, कानातलं, मंगळसूत्राचे मणी, रुमालात बांधलेला अंगारा. स्कूटरच्या डिकीत लायसन, डॉक्टरची चिठ्ठी, मुलाचा शाळेचा दाखला. चाचा अशी प्रत्येक वस्तू गाडीच्या नंबरावरून मालक शोधून परत करतात. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. जुनी गाडी विकत घेतली म्हणून तिच्यात राहिलेला दुसऱ्याचा दागिना आपला होत नाही. मालक शोधायचा प्रयत्न न करता अशी वस्तू लाटली तर कायद्यानेही तो गुन्हा ठरतो.

दुसरी बाजूही आहे, मुद्दाम लपवलेल्या मालाची. धुळं हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या चौकावर वसलंय. शिरपूरच्या पुढे हाडाखेडवरून मध्य प्रदेशची वाहतूक रात्रंदिवस चालते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि तो, दारू, गांजा असं सगळं चोरकप्प्यांतून आणलं जातं. हौद्याला दुहेरी तळ ठोकायचा, केबिनच्या मागे खोटी भिंत उभी करायची, अशी ती रीत. ओळखायची युक्ती सोपी आहे: हौदा बाहेरून मोजायचा, मग आतून मोजायचा. फरक पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त आला की समजायचं, मध्ये पोकळी आहे. अशी गाडी पुढे तिसऱ्याच माणसाला विकली जाते आणि त्या बिचाऱ्याला पत्ता नसतो. म्हणून जुना टेम्पो घेणाऱ्याने टेप घेऊनच जावं, आणि काही संशयास्पद दिसलं तर हात न लावता पोलिसांना सांगावं.

अर्थात चोरकप्प्याने माणसांचे जीवही वाचवलेत. 1961 मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, त्यानंतर पूर्वेकडच्या लोकांना इवल्याशा इसेटा गाडीत, इंजिनाशेजारी जागा करून, लपवून पलीकडे नेलं गेलं. गाडी इतकी लहान की तिच्यात कुणी लपला असेल अशी शंकाच येऊ नये.

आता व्यवहाराचं. जीप द्यायचीच असेल तर कुठल्याही भंगारवाल्याला कागदांसकट देऊ नकोस. 2021 च्या नियमांप्रमाणे सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रं आहेत, तिथे गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं. आरटीओत नोंदणी रद्द करून घ्यायची. हे केलं नाही तर नानांच्या नावाचे कागद एखाद्या चोरीच्या गाडीला लागू शकतात. नानांच्या जीपचा चेसिस नंबर रंगाच्या आणि चिखलाच्या थरांखाली पार बुजला होता. चाचांनी रॉकेलने पुसून, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, तेव्हा एकेक आकडा कागदावर उमटत गेला. चोर हे आकडे कानशीने घासून काढतात. पण ठसा मारताना खालचं लोखंडही दाबलं गेलेलं असतं, त्यामुळे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत अ‍ॅसिड लावून पुसलेले आकडे पुष्कळदा पुन्हा वाचता येतात.

आणखी एक. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ती धूळ हवेच्या प्रेशरने उडवली तर थेट फुप्फुसात जाते. पोराटोरांना ड्रम उघडायला लावू नये, ते काम ओल्या फडक्याने, योग्य मास्क लावून जाणत्या माणसानेच करावं. बॅटरीचं अ‍ॅसिड आणि टाकीतलं जुनं पेट्रोल चाचांनी आधीच काढून ठेवलंय.

माझं मत विचारशील तर जीप ठेवावी असा माझा आग्रह नाही. पत्रा खालून सडलाय, ती पुन्हा रस्त्यावर येणं कठीण आहे. पण वही आणि पावत्या भंगारात जाऊ देऊ नकोस. कापूस एकाधिकाराच्या काळाचा, दुष्काळाचा आणि एका गावाच्या सुखदुःखाचा इतका सरळ पुरावा सहसा मिळत नाही. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळासारखी संस्था आहे, जिने जुने कागद जपण्यासाठीच जन्म घेतला. तुझी परवानगी असेल तर वहीची एक प्रत करून तिथल्या जाणकारांना दाखवतो, मूळ वही तुझ्याकडे पाठवतो.

तेव्हा दोन गोष्टी लवकर कर. नोंदणी रद्द करण्यासाठी वारस म्हणून तुझ्या सहीचं पत्र पाठव, आणि वहीबद्दल होकार कळव. आणि तिकडे आपल्या भागातली जी मंडळी भेटतात त्यांनाही सांग. प्रत्येकाच्या गावाकडे एखादी स्कूटर, एखादा ट्रॅक्टर, एखादी फियाट उभी असेल. ती विकायची तर विका, पण आधी घरातल्या कुणीतरी सीट उचलून, पेटी उघडून, हाताने चाचपून बघावं. भंगारवाला वजन करतो, कागद वाचत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जळगावचा मित्र