एफ-थ्रीचं देणं

आमच्या पतसंस्थेत १९९२ साली संगणक आला. त्याला एसीची खोली मिळाली आणि आम्हाला दाराबाहेर चपला काढायची सक्ती. मी खतावणीत मान मोडलेला चाळिशीचा कारकून. शिकवायला आलेली मुलगी नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली. ती मला काका म्हणे, मी तिला मॅडम.

काळ्या पडद्यावर सी प्रॉम्प्ट आणि लुकलुकणारा कर्सर, बस्स. आपण काही टाइप करेपर्यंत डॉस ढिम्म; स्पेलिंग चुकलं की 'बॅड कमांड ऑर फाइल नेम' म्हणून मोकळा. बाहेरच्या क्लासात कमांडची यादी घोकून घेत. मॅडमनी ती बाजूला सारली. "काका, मुद्दाम उडवतेय हं," म्हणत त्यांनी फ्लॉपीवरची 'व्याज' नावाची फाइल डिलीट केली. माझ्या पोटात गोळा! मग त्यांनी 'अनडिलीट' दिलं. डॉस ५ मध्ये ही सोय नवीनच होती. फाइल दिसली, पण नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. ते अक्षर डॉस आपल्यालाच विचारत होता. त्यांनी 'व्ही' दाबला, व्याज परत!

"तो मजकूर पुसत नाही काका, नावाचं पहिलं अक्षर खोडतो आणि जागा रिकामी झाल्याची नोंद करतो. तिथे दुसरं काही लिहिलं गेलं, की मग मात्र गेलं." जन्मभर रजिस्टरं सांभाळलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही.

खरं देणं मात्र पुढचं. 'डेल स्टार डॉट स्टार' दिलं तर डॉस खात्री विचारतो; 'डेल स्टार डॉट बॅक'ला मुकाट्यानं सगळ्या बॅक फाइली साफ. म्हणून आधी 'डिर स्टार डॉट बॅक' देऊन यादी बघायची. पटली, की 'डेल' एवढंच टाइप करून एफ-थ्री दाबायचं. इंग्रजीत डिर आणि डेल दोन्ही तीन अक्षरी, त्यामुळे आधीच्या कमांडचं शेपूट जसंच्या तसं पुढे येतं. जे पाहिलं तेच पुसलं जातं, मधे बोट घसरायला जागा नाही.

या डॉसची मूळ आवृत्ती टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये सिएटलला लिहिली, हे फार पुढे वाचलं. माझ्या लेखी डॉस म्हणजे मॅडमच. संध्याकाळी थांबून शिकवायच्या; फीचं काढलं की, "पगार घेते ना संस्थेचा!"

आता घरी लिनक्स आहे. तिथे 'आरएम'नं उडवलेलं सहजी परत येत नाही. एफ-थ्रीही नाही. आधी 'एलएस' देतो, यादी वाचतो, मग वरचा बाण दाबून 'एलएस'च्या जागी 'आरएम' करतो.